काळी नळी

४ नोव्हेंबर

दहा-अकरा,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई कशाला घालवू. तू आता मोठ्या कंपनीत इंजिनांची परीक्षा घेतेस, टेबलावर तुझ्या नावाची पाटी असते म्हणे. असू दे. माझ्या डोळ्यांसमोर अजून दहा-अकराचा पाना मागितला की गॅरेजभर धावणारी सहा वर्षांची भाचीच आहे, त्यामुळे नाव बदलणार नाही.

फोन का करत नाही म्हणून तुझी मामी माझ्यावर ओरडते. फोनवर तू भराभर आकडे सांगतेस, मी हो हो करतो आणि फोन ठेवला की पाटी कोरी. कागद चिमट्याला लावून टेबलावर टांगता येतो, तेलकट हातांनी शंभरदा बघता येतो. तेव्हा लिहूनच कळव.

काम असं आहे. आपल्या नर्सबाई तुला आठवतील. तुझ्या गुडघ्याला तीन टाके त्यांनीच घातले होते आणि तू त्यांना चावली होतीस. त्यांची ती जुनी कार्बोरेटरची गाडी अजून चालते आहे. ती घेऊन त्या अकरा वस्त्यांवर बाळंतपणं करत फिरतात. आता दवाखान्याने नवा नियम काढलाय, इंधनाची कुपनं फक्त नव्या इंधनाची मिळणार. शंभर भागांत पंच्याऐंशी भाग इथेनॉल आणि उरलेलं पेट्रोल. बाईंनी एकदा भरून पाहिलं. गाडी दोन वस्त्या कशीबशी गेली आणि चढावर खोकून खोकून बसली. बाई पुढे पायी गेल्या, पण त्यांच्याआधी बाळच पोहोचलं होतं. नशीब, आई आणि लेकरू दोघंही ठीक आहेत. दर वेळी नशीब कामाला येत नाही.

कॉम्प्युटर लावून गाड्या तपासणारी नवी गॅरेजं कार्बोरेटर दिसला की लांबूनच हात जोडतात. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचं नाक शाबूत आहे तोवर मला काळजी नाही." तुला माहीत आहे, धुराचा वास घेऊन इंजिन जुळवणारा म्हणून मला लोक ओळखतात. मी हो म्हणून बसलोय. ही गाडी नव्या इंधनावर धड चालली नाही तर अकरा वस्त्यांपैकी कुठेतरी एखादी बाई अडून राहील, आणि माझं चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल ते वेगळंच.

माझा विचार, कार्बोरेटरमधला इंधन सोडणारा जेट मोठा करायचा आणि प्लगचा रंग बघत बघत जुळवत जायचं. बरोबर आहे का? सविस्तर लिही.

मामा

११ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार, तोही कोपरापासून. मी चावले होते हे नर्सबाईंना आठवत नसेल अशी आशा होती, ती तू बुडवलीस.

आता कामाचं. इथेनॉलमध्ये ताकद कमी, म्हणून तेवढ्याच हवेत इंधन जास्त लागतं. साधारण तीस टक्के जास्त धर. पण म्हणून जेटचं भोक तीस टक्के रुंद करू नकोस! भोकाचा व्यास चौदा टक्के वाढवला की त्यातून जाणारं इंधन तीस टक्के वाढतं. तुझा जेट एकशेवीसचा असेल तर एकशेसदतीसचा कर. त्या मापाचं ड्रिल वेगळ्या पाकिटात पाठवतेय. हाताने फिरव, मशीनवर लावू नकोस.

टाकी धुऊन घे. इथेनॉल जुना गाळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. पहिल्या पंधरा दिवसांत फिल्टर दोनदा बदल. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या काढून टाक आणि इथेनॉलला टिकणाऱ्या घाल. साधं रबर यात फुगतं, मऊ पडतं आणि मग तडकतं.

आणि मुख्य गोष्ट. प्लगच्या रंगावर जाऊ नकोस. पेट्रोलवर पांढरा प्लग म्हणजे इंधन कमी पडतंय, हे तूच मला शिकवलंस. पण इथेनॉल इतकं स्वच्छ जळतं की सगळं बरोबर असलं तरी प्लग पांढराच दिसतो. रंग बघून तू जेट वाढवतच राहशील. पण मामा, तू प्लगवर विसंबायला कधीपासून लागलास? धुराचा वास घे ना. इथल्या धूर तपासणाऱ्या यंत्राची किंमत ऐकलीस तर चक्कर येईल, आणि तरी मी सगळ्यांना सांगते की माझ्या मामाचं नाक याच्यापेक्षा चोख आहे.

बाईंना सांगून ठेव की नव्या इंधनाला दवाखान्यातल्या स्पिरिटसारखा वास असतो. नाहीतर पहिल्याच दिवशी घाबरतील. आणि वास अचानक वाढला तर गाडी थेट तुझ्याकडे आणायची, हेही सांग.

मामीला सांग, मी वेळेवर जेवते. (खोटं आहे, पण सांग.)

तुझी
दहा-अकरा

२० नोव्हेंबर

दहा-अकरा,

ड्रिल मिळालं. चौदा टक्क्यांचं सांगितलंस ते बरं झालं, मी तीस टक्के रुंद करायच्या तयारीतच होतो. हात दाखवून अवलक्षण झालं असतं. टाकी धुतली. आतून जे निघालं त्यात निदान तीन मालकांचा इतिहास असेल.

जेट बसवला, इंजिन लावलं. पहिल्यांदा धूर डोळ्यांना झोंबला आणि वास जास्त पिकलेल्या केळ्यासारखा होता. मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. मग कपडे भिजवून विसरलेल्या बादलीसारखा आला. आणखी पाव फेरा. आता ओल्या कपड्यावर गरम इस्त्री फिरवताना येतो तसा वास आहे, हलका, आणि डोळ्यांना काही होत नाही. इंजिन एका सुरात चालतंय. गाडी चढावर नेऊन आणली, खोकली नाही. हे बरोबर ना?

एकच अडचण. इथेनॉलला टिकणारी नळी मिळेना. दुकानदार म्हणतो महिना लागेल. टाकीकडची नळी कशीबशी योग्य मिळाली, पण पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा हातभर तुकडा राहिलाय. माझ्याकडे काळी नळी आहे, नवी कोरी, जाड, पण तिच्यावर एक अक्षर छापलेलं नाही. बाई रोज येऊन दारात उभ्या राहतात, नुसत्या गाडीकडे बघतात. पलीकडच्या वस्तीवर एकीचे दिवस भरत आलेत.

ती काळी नळी तात्पुरती घालू का? तू हो म्हणालीस तरच घालीन, नाहीतर बाईंना महिनाभर थांबवतो. लगेच लिही.

मामा

२६ नोव्हेंबर

मामा,

घाईत लिहितेय, हाताशी आला तो कंपनीचाच कागद घेतलाय. आज दिवसभर चाचणी आहे आणि साहेब दर दहा मिनिटांनी डोकावतोय.

केळं काय, इस्त्री काय! तुझ्या नाकात लेखक कधी शिरला? पूर्वी तुझ्याकडे दोनच वास होते, "कच्चा" आणि "जळका". पण वर्णन बरोबर आहे, मिश्रण जमलंय. शाब्बास.

काळी नळी महिनाभर चालेल. जाड आहे म्हणतोस ना. शिवाय तुझं नाक पहाऱ्याला आहेच, जरा पाझरली तरी तुला सगळ्यांच्या आधी कळेल. आठवड्यातून एकदा गाडी बोलव आणि बॉनेट उघडून नुसता वास घे. योग्य नळी आली की लगेच बदल.

बाईंना थांबवू नकोस.

दहा-अकरा

१५ डिसेंबर

दहा-अकरा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी नळी घातली आणि गाडी दिली. बाईंनी आतापर्यंत चार खेपा केल्या. त्या दिवस भरलेल्या बाईला मुलगी झाली, आणि या खेपेला नर्सबाई आधी पोहोचल्या.

पहिल्या आठवड्याला गाडी तपासली, काही नव्हतं. आज बाई मधल्या वेळीच आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, स्पिरिटचा वास जास्त येतोय असं मला दोन दिवस वाटतंय. तुम्हाला येतो का बघा." बॉनेट उघडून पार आत डोकं घातलं. मला काही वास आला नाही. नळीवर हात फिरवला, कोरडी लागली. म्हटलं, बाई, दिवसभर स्पिरिटने हात धुता, तुमच्याच हातांचा असेल. हसल्या आणि गेल्या.

तुझी मामी बारा दिवस तिच्या बहिणीकडे गेली आहे. हाताने भात करतोय. कधी खिमट होतो, कधी छर्रे.

नळी अजून आलेली नाही.

मामा

२१ डिसेंबर

पोरी,

मी मामी लिहितेय. मी पत्र लिहिणारी नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा समजून घे. मामा ठीक आहे. म्हणजे अंगाने ठीक आहे.

सतरा तारखेला सकाळी नर्सबाईंच्या गाडीने पेट घेतला. वस्तीच्या अलीकडच्या वळणावर इंजिनातून गरम वाफा आल्यासारखं त्यांना दिसलं. पाणी कमी झालं असेल म्हणून उतरल्या आणि बॉनेट उघडलं. आतला जाळ फिकट होता, उन्हात दिसलाच नाही गं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. शेतातल्या माणसांनी माती टाकून विझवलं. गाडीत बरोबर कुणी नव्हतं. ती काळी नळी खालच्या बाजूने चिरली होती आणि इंधन थेंबथेंब तापलेल्या लोखंडावर पडत होतं. तिथून मामाने कधी हात फिरवलाच नव्हता.

आता जे लिहितेय ते त्याने तुला कधी सांगितलं नसतं. जुलैमध्ये त्याला ताप आला होता ना, तेव्हापासून त्याला वास येत नाही. कसलाच नाही. दूध करपलं तरी कळत नाही. डॉक्टरांकडे ये म्हटलं तर म्हणाला, गावाला कळलं की गॅरेजला कुलूप लागेल. तुझ्या त्या केळ्याचा आणि इस्त्रीचा वास मी घेतला होता. चाळीस वर्षांत त्या गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं, आता नाकाला पदर न लावता धुराजवळ उभी राहत होते आणि तो स्क्रू फिरवत विचारायचा, आता कसा येतो? पहिल्या आठवड्यालाही मीच हुंगलं. मग मी बहिणीकडे गेले. ती आजारी होती, मला जाणं भाग होतं. जाताना त्याला बजावलं होतं की मी येईपर्यंत गाडी तपासून दिली असं कुणाला म्हणू नकोस. पण बाई दारात येऊन विचारायला लागल्यावर मला वास येत नाही हे त्याच्या तोंडून निघेना.

मी त्याला बोलले, खूप बोलले.

याहून वाईट पुढे आहे. मी दवाखान्यात बाईंना बघायला गेले. त्या मामाला काही म्हणत नाहीत. म्हणतात, "मिस्त्रींनी तपासलं तेव्हा वास नव्हता, म्हणजे नळी नंतर फुटली. पुढचे दोन दिवस वास मला येतच होता आणि मी हातांचा समजून सोडून दिला. स्वतःच्या नाकाखालचं जिला कळत नाही तिच्या हवाली लोकांनी आपल्या लेकीसुना का कराव्यात?" हात बांधलेले आहेत म्हणून दुसऱ्या नर्सकडून राजीनामा लिहून घेतलाय. पुढच्या महिनाअखेरीला मंजूर होईल. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, माझ्या हातांना वास येतो का हो? मला पण विचारलं. मी नाही म्हटलं आणि बाहेर येऊन रडले.

खरं काय ते तीन माणसांना ठाऊक आहे, आता तू चौथी... नाही, चुकले. तो, मी आणि तू. तिघंच. तू त्याला काहीतरी लिही. तुझं तो ऐकतो.

मामी

२७ डिसेंबर

मामा,

मामीचं पत्र मिळालं. तिच्यावर रागावू नकोस.

मला तुझा इतका राग आलाय की हे तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. मला का नाही सांगितलंस? लोकांना नको सांगू, पण मला? मी तुला कुठल्या भरवशावर "चालेल" लिहिलं? तुझ्या नाकाच्या! तुला वास येत नाही हे माहीत असतं तर मी ती नळी घालू दिली असती का?

हे वाक्य मी लिहिलं आणि तासभर तसंच ठेवलं. कारण ते अर्धंच खरं आहे. कुठलं रबर इथेनॉलमध्ये किती दिवस टिकतं याचा तक्ता माझ्या टेबलाच्या खणात असतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी खण उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी बघितला नाही. आज बघितला. ज्या नळीवर काही छापलेलं नाही तिच्यासाठी तक्त्यात एकच शब्द आहे, "नको". मी साहेबाला घाबरत चहाच्या वेळात तुला पत्र खरडत होते, आणि मामा सांभाळून घेईल म्हणून सोडून दिलं. लहानपणापासून तसंच करत आलेय.

आता नीट ऐक. बाई स्वतःला दोष देतायत याचं मला खूप वाईट वाटतं. पण तू त्यांना काही सांगू नकोस. त्या तशाही दोन-चार वर्षांत निवृत्त होणार. भाजलेल्या हातांनी त्यांना गाडी चालवायला कोण देणार आहे? तू तोंड उघडलंस तर गॅरेज जाईल. या वयात तू दुसरं काय करणार? आणि माझं ते सव्वीस तारखेचं पत्र कंपनीच्या कागदावर आहे, वर कंपनीचं नाव, खाली माझी सही. ते कुणाच्या हातात पडलं तर मी इथे एक दिवस टिकणार नाही. ते फाडून टाक. पाया पडते तुझ्या. तिघांनी गप्प बसायचं, अळीमिळी गुपचिळी. काही दिवसांनी लोक विसरतील.

हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटतेय. तरी लिहितेय.

दहा-अकरा

९ जानेवारी

दहा-अकरा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आधी एक काम उरकायचं होतं.

तुझा राग बरोबर आहे. मी तुला सांगायला हवं होतं. चार-पाचदा कागद पुढे घेतला, पण माझ्या नाकाचं कौतुक तू कंपनीत सगळ्यांना सांगतेस हे वाचलं की हात थांबायचा. दुनियेत एका माणसापुढे तरी आपण मोठं राहावं असं वाटतं गं. नाकापेक्षा मोती जड झाला, दुसरं काय.

तुझं गप्प बसण्याचं पत्र मी दोनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा वाचल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. लेक शहाणी आहे, बरोबर सांगते, असं म्हणत दोन दिवस काढले. मग दवाखान्यातल्या झाडूवाल्या बाई गॅरेजात आल्या आणि सहज म्हणाल्या, नर्सबाई हल्ली पेशंटचा ताप बघायलासुद्धा कुणाच्या कपाळाला हात लावत नाहीत. पट्ट्यांबाहेर बोटांची टोकं मोकळी आहेत त्यांची, तरी नाही. म्हणतात, मला काय कळतंय.

मी गेलो. बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मामी बरोबर येते म्हणत होती, मी नको म्हटलं. उभ्या उभ्याच बोललो, बसलो असतो तर बोलता आलं नसतं. म्हटलं, बाई, जुलैपासून मला वास येत नाही. कसलाच नाही. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी बॉनेटमध्ये डोकं घालून नुसतं नाटक केलं. आणि ती नळी या इंधनाची नव्हती, ते मला ठाऊक होतं.

त्या मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी वास येत होता?"

म्हटलं, "येत असणारच, बाई. मला येत नव्हता."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"तुमचं बरोबर होतं."

हे त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं. मग त्या ओरडल्या. चाळीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "दोन दिवस मी हात धुतले, मिस्त्री! कातडं सोलेपर्यंत धुतले. मला वास येत होता आणि तुम्ही म्हणालात येत नाही, म्हणून मी माझं खरं मानलं नाही. त्या आठवड्यात गाडीत एखादी बाळंतीण असती तर?" मग बाकावरून उठून आत वळल्या. "जा इथून," म्हणाल्या. मी आलो.

गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला आता मी आधीच सांगतो की मला वास येत नाही. दोघं गाडी तशीच घेऊन गेले. एकजण हसला आणि म्हणाला, बायकोच्या हातचं जेवण तरी सुखाने जात असेल. तुझ्या मामीने ते ऐकलं. इंधनाचं काम मी बंद केलंय. ब्रेक आणि चाकं करतो. पोटापुरतं होईल.

काल दुपारी नर्सबाई गॅरेजच्या दारात आल्या. खुर्ची पुढे केली, बसल्या नाहीत. म्हणाल्या, "राजीनामा परत घेतला. हे सांगायला आले. माफ केलं असं समजू नका, माफ केलेलं नाही." मी बरं म्हटलं. जाताना मामीकडे वळल्या आणि पुन्हा तो हातांचा वास विचारतात की काय म्हणून ती एक पाऊल मागे सरली. पण त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या चुलीवरचं काहीतरी लागतंय बघा." मामी आत पळाली. खरंच लागत होतं.

आता तुझ्याबद्दल. बाईंना मी माझ्या वाटणीचं सगळं सांगितलं. नळी घालायला कुणी हो म्हटलं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते तुझं आहे, माझ्या तोंडून ते सांगणं मला पटेना. तुझं सव्वीस तारखेचं पत्र फाडलेलं नाही. या पाकिटात परत पाठवतो आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. तू फाडलंस तरी माझी भाचीच राहशील, त्याची काळजी करू नकोस. लहानपणी सगळं सांभाळून घेतलं ते माझंच चुकलं असेल.

बाईंना लिहायचं ठरवलंस तर पत्ता दवाखान्याचाच घाल. हातांच्या पट्ट्या निघायला अजून महिना आहे, त्यांना पाकीट फोडता येत नाही. जी कुणी नर्स कामावर असेल ती फोडते आणि वॉर्डात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवते. तेवढं ध्यानात ठेवून लिही.

मामा